प्रगत इंग्रजी शब्दसंग्रह: मराठी अर्थ कसा लिहायचा आणि तो टिकवायचा कसा

खडूफळा

जीआरई (परदेशी पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा), एसएससी (दहावी नव्हे, कर्मचारी निवड आयोगाची भरती परीक्षा), बँकांच्या परीक्षा यांच्या तयारीवर इथे अनेक धागे आहेत आणि प्रत्येकात हा प्रश्न फिरून येतो: यादी पाठ केली, महिन्याभरात निम्मे शब्द उडाले, उरलेले लिहिताना हाताशी येत नाहीत, आता काय करू? उत्तरं विखुरलेली आहेत. ती एकत्र राहावीत म्हणून हा धागा.

आधी शब्द कुठले निवडायचे ते. मायकेल वेस्ट यांची १९५३ची जनरल सर्व्हिस लिस्ट सुमारे दोन हजार शब्दांची आहे. ते बहुतेकांना येत असतात. त्याच्या वरची पायरी म्हणजे ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची अकॅडेमिक वर्ड लिस्ट. तिच्यात ५७० शब्दकुळं आहेत, दहा उपयाद्यांत लावलेली. शैक्षणिक मजकुरातले साधारण दहा टक्के शब्द एवढ्यातूनच येतात. शब्दकूळ म्हणजे 'डिराइव्ह', 'डेरिव्हेशन', 'डेरिव्हेटिव्ह' मिळून एक. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या २००६च्या अभ्यासाप्रमाणे वर्तमानपत्र किंवा कादंबरी कोशाशिवाय वाचायची, म्हणजे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, तर आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात.

यातून निघणारी गोष्ट साधी आहे. 'सबसिक्वेंट', 'अलोकेट', 'इन्फर', 'ऑलबीइट' यांत अजून चाचपडणं होत असेल, तर 'पर्स्पिकेशस'सारख्या दुर्मिळ शब्दांच्या मागे लागू नका. आधी ५७० पक्की करा.

आता कार्ड. अंकी (ठरावीक अंतराने कार्डांची उजळणी करून घेणारं ॲप) वापरा किंवा कागद, मजकूर असा ठेवा. पुढच्या बाजूला छोटं इंग्रजी वाक्य, शब्दाच्या जागी रिकामी जागा, पहिलं अक्षर आणि मराठी अर्थ. मागच्या बाजूला शब्द, उच्चार, सोबत येणारे शब्द, छटा. 'मिटिगेट' घ्या. पुढे लिहायचं: झाडं उन्हाळ्याचे परिणाम 'एम'ने सुरू होणाऱ्या कशाने तरी कमी करतात, असं इंग्रजी वाक्य, आणि खाली 'तीव्रता कमी करणे, मूळ गोष्ट तशीच राहते'. मागे लिहायचं: सोबत रिस्क, इम्पॅक्ट, डॅमेज, इफेक्ट्स. माणसाला मिटिगेट करता येत नाही. पुढे शब्दयोगी काही लागत नाही. 'मिटिगेट अगेन्स्ट' चूक. तिथे लोकांना 'मिलिटेट अगेन्स्ट' म्हणायचं असतं, म्हणजे आड येणे.

पुढे नुसता इंग्रजी शब्द आणि मागे नुसता अर्थ, अशा कार्डाने शब्द ओळखता येतो, आठवत नाही. लिहिताना दिशा उलटी असते, डोक्यात अर्थ असतो आणि शब्द हवा असतो. सरावही त्याच दिशेने हवा.

तळटीप

उत्तम धागा. मराठी अर्थावर थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं.

बाजारातल्या याद्यांमध्ये अर्थाच्या रकान्यात एक संस्कृत शब्द ठोकलेला असतो. 'ॲम्बिग्युअस' संदिग्ध, 'इक्विव्होकल' संदिग्ध, 'व्हेग' संदिग्ध. तिन्ही पाठ होतात आणि तिन्हींतला फरक पुसला जातो. 'व्हेग' म्हणजे मोघम, तपशीलच नाही. 'ॲम्बिग्युअस' म्हणजे दोन अर्थ निघतील असं, मग ते मुद्दाम असो वा नकळत. माणसाच्या बोलण्याबद्दल 'इक्विव्होकल' आलं की बहुतेकदा गुळमुळीत, कुठल्याच बाजूने अडकू नये म्हणून केलेलं. रोजच्या मराठीत हे शब्द तयार आहेत. कोशातल्या जड प्रतिशब्दापेक्षा तेच लिहावेत.

समजूत काढण्याचं कुटुंब बघा. 'प्लॅकेट' म्हणजे चिडलेल्याची समजूत काढणे. 'मॉलिफाय' म्हणजे राग निवळेल असं काही बोलणे किंवा करणे. 'अपीझ' म्हणजे मागण्या मान्य करून गप्प बसवणे; राजकीय लिखाणात तुष्टीकरण, आणि सूर बहुधा टीकेचा. 'कोक्स' म्हणजे चुचकारून, गोडीने, हळूहळू करून घेणे. 'कजोल' म्हणजे लाडीगोडी लावून, थोडी खोटी स्तुती करून करून घेणे. 'इम्पॉर्च्यून' म्हणजे पिच्छा पुरवून गळ घालणे. इतकं नेमकं मराठी हाताशी असताना सहाही ठिकाणी 'शांत करणे, मन वळवणे' लिहिणं म्हणजे शब्द फुकट घालवणं.

दुसरं उदाहरण कमी बोलण्याचं. 'टॅसिटर्न' म्हणजे घुम्या, स्वभावानेच अबोल. 'रेटिसंट' म्हणजे हातचं राखून बोलणारा, विशेषतः स्वतःबद्दल. 'लॅकॉनिक' म्हणजे मोजक्या शब्दांत काम भागवणारा. 'टर्स'मध्ये तुटकपणा येतो. उलट टोकाला 'गॅर्युलस' बडबड्या आणि 'व्हर्बोस' पाल्हाळिक.

प्रत्येक अर्थापुढे अधिक, उणे किंवा शून्य अशी खूण करा. 'फ्रूगल' काटकसरी, अधिक. 'पार्सिमोनियस' चिक्कू, उणे. रिकाम्या जागा भरताना ही खूण अनेकदा अर्थाइतकंच काम करते.

नेमका मराठी शब्द सुचत नसेल तर दोन वाटा. एक, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७). तो शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर आहे आणि त्यात इंग्रजी शब्द टाकून मजकुरातही शोधता येतं. 'ऑब्स्टिनेट' शोधा आणि किती मराठी शब्द निघतात बघा. त्याची इंग्रजी एकोणिसाव्या शतकातली आहे, म्हणून मराठी तिथून घ्या, आजचा इंग्रजी वापर चालू कोशातून तपासा. दुसरी वाट म्हणजे मराठी अग्रलेख. घूमजाव, सारवासारव, ताशेरे, कानउघाडणी, चालढकल, आडमुठेपणा, खडाजंगी हे शब्द तिथे रोज असतात. समोर 'व्होल्ट-फास', 'ग्लॉस ओव्हर', 'स्ट्रिक्चर्स', 'ॲडमॉनिश', 'प्रोक्रॅस्टिनेट', 'इन्ट्रॅन्सिजन्स', 'ऑल्टर्केशन' मांडा. न्यायालयाने ताशेरे ओढले आणि कोर्टाने स्ट्रिक्चर्स पास केले, ही जोडी तर शब्दशः जुळते.

रानजाई

तळटीप ताई, हे वाचून माझी अर्धी वही नव्याने लिहावी लागणार. एक प्रश्न. परीक्षेला तीन महिने आहेत. रोज ५० शब्द चालतील का?

खडूफळा

नाही. हिशोब मांडून बघा.

नवी कार्डं रोज जितकी, त्याच्या साधारण सात ते दहापट उजळणी काही आठवड्यांत रोज समोर येऊन बसते. ५० नव्यांवर ३५० ते ५००. प्रत्येकी आठ-दहा सेकंद धरले तरी तासभर नुसती उजळणी, आणि वाक्यासह कार्ड असेल तर त्याहून जास्त. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लोक सोडून देतात ते इथे.

२० नवे घ्या. पहिले ७५ दिवस नवे शब्द, म्हणजे १५००, आणि शेवटचे १५ दिवस नवं काही नाही, फक्त उजळणी आणि सराव प्रश्न. १५०० नीट आलेले शब्द ३५०० अर्धवट शब्दांपेक्षा जास्त गुण देतात.

अंकीत चार गोष्टी बघून घ्या. नवी कार्डं मुळातच रोज २० अशी असतात, तशीच राहू द्या. उजळणीची कमाल मर्यादा मात्र मुळात २०० असते. ती वाढवून ९९९९ करा, नाहीतर साचलेली उजळणी दडून राहते आणि सगळं आटोक्यात आहे असं वाटतं. एफएसआरएस (उजळणीच्या तारखा ठरवणारी अंकीतली नवी पद्धत) चालू करा आणि अपेक्षित स्मरण ९० टक्क्यांवर ठेवा. ९५ केलंत की काम बरंच वाढतं आणि फायदा त्या मानाने थोडा. चौथं बटणांचं. आठवलं नाही तर 'अगेन'. 'हार्ड' हे आठवलं, पण कष्टाने, यासाठी आहे. न आठवलेल्यावर 'हार्ड' दाबलंत तर वेळापत्रकाला तो शब्द येतो असंच वाटतं आणि तो लांब ढकलला जातो. ही चूक फार सर्रास होते.

अँड्रॉइडवरचं अंकीड्रॉइड आणि संगणकावरचं अंकी फुकट आहे, आयफोनचं विकत घ्यावं लागतं.

पेटीवाला

मोबाइल हातात घेतला की अभ्यास बाजूला राहतो अशांसाठी कागदी पेटी. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये ही पद्धत मांडली. एका खोक्याचे पाच कप्पे करायचे. नवं कार्ड पहिल्यात. बरोबर आलं की एक कप्पा पुढे, चुकलं की कुठूनही थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्याने, पाचवा पंधरवड्याने.

बिघडतं ते पहिल्या कप्प्यात. त्यात ४० च्या वर कार्डं झाली की नवीन टाकणं थांबवायचं, ती खाली उतरेपर्यंत. आणि कार्ड उलटण्याआधी उत्तर तोंडाने म्हणायचं किंवा लिहायचं. मनात 'हं, माहीत आहे' म्हणून उलटलेलं कार्ड न केल्यासारखंच.

अनुस्वार

तळटीप यांच्या मराठी अर्थांशी शंभर टक्के सहमत, पण 'कुटुंब' एकत्र शिकण्याला माझी हरकत आहे, आणि ती गंभीर आहे.

अर्थाने जवळचे नवे शब्द एकाच वेळी शिकले की ते एकमेकांत मिसळतात. संशोधक टिंकम यांच्या १९९३च्या प्रयोगांत अर्थगटाने दिलेले शब्द असंबंधित शब्दांपेक्षा सावकाश शिकले गेले, आणि नेशन यांनीही याबद्दल सावध केलं आहे. 'प्लॅकेट', 'मॉलिफाय', 'अपीझ' एकाच संध्याकाळी पहिल्यांदा भेटले तर आठवड्याने एवढंच उरतं की तिन्ही 'ते शांत करण्यावाले'. दिसायला जवळच्या शब्दांचंही तेच: 'प्रिस्क्राइब' आणि 'प्रोस्क्राइब', 'अव्हर्स' आणि 'ॲडव्हर्स', 'इन्जीनिअस' आणि 'इन्जेन्युअस'. जोड्या एकत्र पाठ करणारेच परीक्षेत त्या उलट्या लिहून येतात.

विषयवार प्रकरणं असलेली पुस्तकं वाचायला सोयीची असतात, पण नवे शब्द त्या क्रमाने घेऊ नयेत.

तळटीप

अनुस्वार, मान्य. माझ्या प्रतिसादात क्रम सांगायचा राहिला. पहिली भेट वेगवेगळ्या दिवशी, मध्ये निदान आठवडा-दीड आठवडा. एक शब्द नीट बसला की मगच दुसरा. गटातले चार शब्द येऊ लागले की तुलनेचं एक वेगळं कार्ड: चार वाक्यं, चार रिकाम्या जागा, चार शब्द. छटा तिथे घासल्या जातात. शिकायचं सुटं, ताडून बघायचं एकत्र.

अंकीत यादी जशीच्या तशी ओतलीत तर एका अक्षराचे किंवा एका विषयाचे शब्द ओळीने येतात. नव्या कार्डांचा क्रम 'रँडम' ठेवा, बराचसा प्रश्न तिथेच सुटतो.

मुळाक्षर

धातूंबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. लॅटिन-ग्रीक मुळं शिकावीत का? हो, पण शंभराच्या आत, आणि शब्द कळल्यावर तो टिकवण्यासाठी. अनोळखी शब्दाचा अर्थ ओळखण्याचं साधन म्हणून ती धोक्याची आहेत.

आपल्याला एक सोय आहे. लॅटिन आणि संस्कृत एकाच मुळातून आलेल्या भाषा, त्यामुळे काही मुळं घरचीच निघतात. 'क्रेड' आणि श्रद्धा एकाच मुळाचे. मग 'क्रेड्युलस' म्हणजे पटकन श्रद्धा ठेवणारा, भाबडा. 'इन्क्रेड्युलस' म्हणजे विश्वास न बसलेला माणूस, आणि 'इन्क्रेडिबल' म्हणजे विश्वास न बसण्याजोगी गोष्ट. या शेवटच्या दोन शब्दांची अदलाबदल फार होते. माणूस आणि गोष्ट हा फरक धरला की होत नाही. 'ॲनिमस' हा 'प्राण'मधल्या 'अन्' धातूचा नातलग. 'मॅग्नॅनिमस' म्हणजे मोठ्या मनाचा, 'इक्वॅनिमिटी' म्हणजे मनाचा समतोल, 'युनॅनिमस' म्हणजे एकमताने, 'प्यूसिलॅनिमस' म्हणजे छोट्या मनाचा, भित्रा. 'लोक्व' म्हणजे बोलणे, त्यातून 'लोक्वेशस', 'एलोक्वंट', 'कलोक्विअल', 'सर्कमलोक्यूशन'.

आता फसवे. 'एनर्व्हेट' म्हणजे अंगातलं त्राण काढून घेणे, जोर आणणे नव्हे. 'रेस्टिव्ह' म्हणजे चुळबुळ करणारा, आवरेनासा झालेला. विश्रांतीचा अर्थ त्यात नाही. 'नॉइसम'मध्ये आवाज नाही, दुर्गंधी आहे. 'मेरिट्रिशस'मध्ये गुणवत्ता नाही, वरवरचा भपका आहे. 'इन्फ्लेमेबल' पेट घेणारं, 'इन्व्हॅल्युएबल' अमूल्य. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे ज्याचा हितसंबंध नाही असा, निःपक्ष. या सगळ्यांच्या कार्डावर लाल खूण करा. परीक्षक हेच शब्द हेरून ठेवतात.

कानसेन

उच्चार लिहिताना देवनागरी मदत करते आणि थोडी फसवतेही.

मदत अशी की इंग्रजी स्पेलिंग जिथे गंडवतं तिथे आपण सरळ लिहू शकतो: 'सटल', 'इन्डाइट', 'इपिटमी', 'हायपर्बली', 'अराय', 'फसाड', 'पॅरडाइम'. 'मिस्चिव्हस' तीन अवयवांचा आहे, शेवटी 'व्हिअस' नाही. 'व' आणि 'व्ह' कटाक्षाने वेगळे लिहा, कारण अर्थ बदलतो. 'वेअरी' सावध आणि 'व्हेअरी' बदलणे. 'वाइल' म्हणजे लबाड युक्ती आणि 'व्हाइल' म्हणजे नीच, किळसवाणं.

फसवते ती आघातात. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, त्यामुळे तो आपल्या कानाला जाणवत नाही. 'इन्व्हलिड' पहिल्या अवयवावर आघात देऊन म्हटलं तर आजाराने जायबंदी माणूस, दुसऱ्यावर दिलं तर अवैध. 'कन्टेन्ट' पहिल्यावर आघात असेल तर आशय, दुसऱ्यावर असेल तर समाधानी. म्हणून आघाताच्या अवयवाखाली रेघ मारा आणि कोशातला आवाज ऐकून मगच कार्ड बंद करा. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हींच्या ऑनलाइन कोशांत ब्रिटिश आणि अमेरिकी उच्चार फुकट ऐकता येतात. एक धरा आणि तोच ठेवा.

रानजाई

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. अजून दोन शंका. जीआरईसाठी जुन्या याद्या चालतील का? आणि काही शब्द कितीही वेळा केले तरी चुकतातच, त्यांचं काय करू?

सातवा मजला

पहिलीचं उत्तर मी देतो.

जीआरईतून विरुद्धार्थी शब्द आणि साधर्म्याचे प्रश्न ऑगस्ट २०११ मध्ये गेले. त्याआधीच्या याद्या सुट्या शब्दांच्या प्रश्नांसाठी बनल्या होत्या, त्यांत दुर्मिळ शब्दांचा भरणा आहे. आता सगळं वाक्यातून विचारतात. सप्टेंबर २०२३ पासून व्हर्बलचे, म्हणजे भाषेच्या विभागाचे, एकूण २७ प्रश्न ४१ मिनिटांत: आधी १२ प्रश्न १८ मिनिटांत, मग १५ प्रश्न २३ मिनिटांत. 'सेंटेन्स इक्विव्हॅलन्स'मध्ये सहांतून दोन पर्याय निवडायचे, दोन्ही बरोबर आले तरच गुण. तिथला नेहमीचा सापळा म्हणजे पर्यायांत एक छान समानार्थी जोडी असते, पण ती वाक्यात बसत नाही. आधी पर्याय झाकून रिकाम्या जागी आपला शब्द घाला, मराठी सुचला तरी चालेल, आणि मगच पर्याय उघडा. तळटीप यांनी सांगितलेली अधिक-उणे खूण इथे कामाला येते.

एसएससीचा मामला वेगळा. तिथे समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्प्रचार आणि शब्दसमूहाबद्दल एक शब्द थेट विचारतात, म्हणून जुन्या प्रश्नपत्रिकांतले शब्द आधी. कॅटसाठी (व्यवस्थापन अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा) याद्यांवर वेळ घालवू नका, उतारे वाचा.

खडूफळा

दुसरीचं मी देतो. अंकीत एखादं कार्ड आठ वेळा विसरलं की त्याला 'लीच' म्हणून खूण होते आणि सेटिंग तसं असेल तर ते बाजूलाही काढलं जातं. ते तसंच परत आत ढकलू नका. कार्ड बिघडलेलं आहे, ते दुरुस्त करायचं.

कारणं बहुतेक तीनच. जवळच्या शब्दाशी गल्लत होत असेल तर दोघांतला एक महिनाभर बंद ठेवा. वाक्य इतकं सैल असेल की रिकाम्या जागी चार शब्द बसतील, तर वाक्य बदला. किंवा एका कार्डात दोन अर्थ कोंबले असतील, तर ते तोडा. 'सँक्शन' हे त्याचं नमुनेदार उदाहरण. आपल्या सरकारी मराठीत सँक्शन म्हणजे मंजुरी, आणि बातम्यांत सँक्शन्स म्हणजे निर्बंध. एका कार्डावर दोन्ही लिहिले तर आलटून पालटून चुकत राहतात. क्रियापदाचं कार्ड वेगळं, 'इम्पोज सँक्शन्स ऑन' असं बहुवचनी नामाचं वेगळं. 'ओव्हरसाइट'चंही तसंच, देखरेख आणि नजरचूक. 'कनाइव्ह'मध्ये शब्दयोगी बदलला की अर्थ बदलतो: 'ॲट' आलं की जाणूनबुजून डोळेझाक, 'विथ' आलं की संगनमत. 'कन्डोन' याच्या जवळचा, पण त्यात संगनमत नाही. चूक दिसते आहे आणि ती चालवून घेतली जाते.

अनुस्वार

शब्दयोगींचा विषय निघालाच आहे तर हे कार्डावर घ्याच: 'कम्प्राइज'नंतर 'ऑफ' नाही, 'डिस्कस'नंतर 'अबाउट' नाही, 'एम्फसाइझ' क्रियापदानंतर 'ऑन' नाही, 'डिस्पाइट'नंतर 'ऑफ' नाही, आणि 'कोप अप विथ' नव्हे, 'कोप विथ'. आपल्याकडच्या लिखाणात या पाचही सर्रास दिसतात. मराठीत आपण 'विषयावर चर्चा करतो' आणि 'मुद्द्यावर भर देतो', तो 'वर' नकळत इंग्रजीत उतरतो.

कोश निवडताना कोबिल्ड जरूर बघा. १९८७ मध्ये आलेल्या या कोशात अर्थ पूर्ण वाक्यात दिलेला असतो, त्यामुळे कर्ता माणूस असतो की वस्तू आणि पुढे काय येतं हे व्याख्येतच दिसतं. ते वाक्य थोडं कापलं की कार्डाची पुढची बाजू तयार.

तळटीप

रानजाई, जुन्या वहीतले शब्द सगळे एकदम नव्याने लिहायला घेऊ नका, दमछाक होईल. रोजच्या उजळणीत जो शब्द अडेल त्याचंच कार्ड त्या दिवशी बदला. जे न अडता येतात त्यांना हात लावायची गरज नाही. आणि 'संदिग्ध', 'शांत करणे', 'हट्टी' असे अर्थ वहीत दोनापेक्षा जास्त ठिकाणी दिसले तर त्या पानांपासून सुरुवात करा. हवं तर ते शब्द इथे टाका, छटा वेगळ्या करायला मदत करते.

रानजाई

'हट्टी'पुढे माझ्याकडे पाच आहेत: ऑब्स्टिनेट, ऑब्ड्युरेट, टेनेशस, डॉग्मॅटिक, रिकॅल्सिट्रंट.

तळटीप

'ऑब्स्टिनेट' हट्टी, हेकट, उणे. 'ऑब्ड्युरेट' म्हणजे पाझर न फुटणारा. विनवण्या, पुरावे कशानेही न बधणारा, उणे. 'टेनेशस' चिवट, धरलेलं न सोडणारा. बहुधा अधिक, म्हणून तो या रांगेतून आधी बाहेर काढा. 'डॉग्मॅटिक' म्हणजे आपलंच मत अंतिम सत्य असल्यासारखं मांडणारा. हट्ट मताचा असतो, वागण्याचा नव्हे. 'रिकॅल्सिट्रंट' म्हणजे न जुमानणारा, शिस्त आणि आज्ञा झुगारणारा; विद्यार्थी, साक्षीदार, सदस्य यांच्याबद्दल येतो. पहिल्या दोघांत आठवड्याचं अंतर ठेवा, बाकीचे कुठल्याही क्रमाने चालतील.